घामाचं वजन

वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य बापूंना आवडत नसत. त्यात दंतवैद्यांचा काही दोष नव्हता. माणूस सज्जन होता, जिन्यात भेटला की थांबून हसायचा. पण हसला की त्याचे सगळेच्या सगळे दात दिसायचे, एकसारखे, पांढरेशुभ्र, आणि बापूंना आपली डावीकडची काढलेली दाढ आठवायची. "तो हसत नाही, जाहिरात करतो," असं बापू बायकोला सांगत. "मग तुम्हीही करा की थोडी," असं बायको म्हणे.

दंतवैद्यांची गाडी बापूंच्या गाडीपेक्षा नवी होती, ते बापूंनी सोसलं. पन्नाशीतही त्यांच्या डोक्यावर दाट केस होते, तेही सोसलं. सोसलं म्हणजे काय, रोज एकदा मनात आणून पुन्हा बाजूला ठेवलं. बापू वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानातल्या तराजूची दोन्ही पारडी सारखी राहतात की नाही हे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि मग त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. अशा माणसाला शेजाऱ्याचं पारडं जड झालेलं बघवत नाही. हा स्वभावदोष नसून नोकरीतला आजार आहे, असं त्यांचं स्वतःपुरतं मत होतं.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. सकाळी फिरायला जाणारे लोक घरात बसले, आणि एक दिवस बापूंच्या छतावरून घर्र घर्र असा आवाज यायला लागला. वर काय दळताहेत याचा बापू विचार करतात तोवर बायको दूध घेऊन आली आणि तिनेच बातमी दिली. दंतवैद्यांनी घरात चालवायची सायकल आणली होती.

"जिन्यात भेटले आत्ता," बायको म्हणाली. "तासभर सायकल चालवून आले म्हणे. पण अंगावर घामाचा एक थेंब नाही हो. पांढरा शर्ट, इस्त्री मोडलेली नाही. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, आमचे हे पहिल्यापासून असेच, कोरडे."

इथवर ठीक होतं. पण मग तिने बापूंकडे बघितलं. बापू तेव्हा गरम चहा पीत होते आणि चहामुळे त्यांच्या कपाळावर दोन थेंब आले होते. तिने नुसता नॅपकिन पुढे केला. तो नॅपकिन बापूंच्या जिव्हारी लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्या पुरुषाचं कौतुक करून झाल्यावर तिने आपल्याकडे असं बघावं, हे त्यांना फार लागलं. त्याच आठवड्यात बापूंनी सायकल आणली, आणि दंतवैद्यांपेक्षा एक गिअर जास्त असलेली आणली.

पहिल्या दिवशी सायकल हॉलमध्ये ठेवली. दहा मिनिटांत बापूंचा बनियन अंगाला चिकटला, वीस मिनिटांत चष्म्यावर वाफ धरली, आणि अर्ध्या तासात सोफ्याच्या हातावर, वर्तमानपत्रावर आणि बायकोच्या विणकामाच्या टोपलीत थेंब उडाले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि घरात हा माणूस उकडून निघालेला. बायको म्हणाली, "पडद्यांना वास लागेल. मागच्या खोलीत न्या बाई ते."

मागची खोली लहान होती. वर माळा, माळ्यावर जुन्या गाद्या आणि मोडक्या छत्र्या, आणि पुढे एक कळकट पडदा. पण तिथे एक फायदा होता. दंतवैद्यांची सायकल नेमकी तिच्या डोक्यावर होती. वर घर्र सुरू झालं की बापूही खाली बसत आणि वरची थांबल्याशिवाय आपली थांबवत नसत. हा व्यायाम नव्हता, पाठलाग होता.

घामाचं काय करावं, हे त्यांनी शेवटी मान खाली घालून दंतवैद्यांनाच विचारलं. शत्रूकडे शस्त्र मागायची वेळ आली. दंतवैद्य हसले, सगळ्या दातांनी. "घाम श्वासावर असतो बापूसाहेब. नाकाने घ्यायचा, नाकानेच सोडायचा. आणि मन शांत ठेवायचं. मनात खदखद असेल तर घाम येणारच."

मनात खदखद कोणामुळे आहे हे बापूंना सांगता येईना. त्यांनी नाकाने श्वास घेऊन बघितला, पण थंडीने नाक चोंदलेलं, त्यामुळे ते निळे पडायला लागले. मग खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, अंगाला पावडर चोळा. बापूंनी अर्धा डबा चोळला. पावडर आणि घाम यांची मिळून जी कणीक तिंबली गेली ती काढायला त्यांना दोनदा अंघोळ करावी लागली. मग इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, खिडकी उघडा आणि पंखा लावा. तेही केलं. घरभर असं वारं सुटलं की बायको दोन स्वेटर, शाल आणि पायमोजे घालून स्वयंपाक करू लागली. "तुम्ही घाम घालवायला बसलात, मी जीव घालवायला," ती म्हणाली.

आणि एवढं करून घाम वाढलाच. मागच्या खोलीत तर त्याने कहर केला. बापू पायडल मारत असत आणि त्यांच्या टकलावरून थेंब ओघळत, मानेमागून पाठीत उतरत, सायकलच्या दांड्यावरून खाली पडत. उठून बघावं तर फरशीवर थारोळं. टक्कल इतकं घामेजतं हे बापूंना नवीनच होतं. शिवाय हा घाम गार होता. हेडमास्तर म्हणाले, गार घाम हे चांगलं लक्षण नव्हे. फॅमिली डॉक्टरांनी छाती तपासली, काही नाही म्हणाले. बापूंनी सकाळचं पाणी पिणं सोडलं. तोंडाला कोरड पडली, पण थारोळं तेवढंच. वर दंतवैद्य मात्र तासभर घर्रघर्र करून इस्त्रीच्या शर्टात दवाखान्यात जात होते. बापू खिडकीतून त्यांच्या कोरड्या पाठीकडे बघत राहत. इतकी असूया त्यांना उभ्या जन्मात कोणाच्या पाठीबद्दल वाटली नव्हती.

मग हेडमास्तरांच्या छताला ओल आली.

हेडमास्तर तक्रार घेऊन सेक्रेटरींकडे गेले आणि सेक्रेटरी प्लंबर घेऊन बापूंकडे आले. प्लंबरने नळ बंद करून बघितले, चालू करून बघितले, भिंतीला कान लावला, बाथरूमच्या फरशीवर हातोडी वाजवली. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी, बापू सायकलवर असताना, तो मागच्या खोलीत डोकावला. फरशीवरचं पाणी बघितलं, वर बसलेल्या बापूंना बघितलं आणि सेक्रेटरींना म्हणाला, "साहेब, पाइप ठीक आहे. माणूस गळतोय."

त्यावर कमिटीची बैठक झाली. हेडमास्तरांचं म्हणणं, गळती ती गळती, दुरुस्ती ज्याची त्याने करावी. सेक्रेटरींचं म्हणणं, नियमात गळती म्हणजे नळ, टाकी आणि गच्ची, रहिवासी त्यात कुठे बसत नाही. दुरुस्ती करायची म्हणजे बापूंची काय करायची, यावर चर्चा अडली. बापू खुर्चीवर बसून स्वतःबद्दलचा हा वाद ऐकत होते. दंतवैद्यही बैठकीला होते, मांडीवर हात ठेवून, कोरडे. शेवटी त्यांनीच तोडगा सुचवला. "बापूसाहेबांनी सायकलखाली काहीतरी ठेवावं. परात वगैरे." सगळ्यांनी मान डोलावली. बापूंना त्या क्षणी परातीत डोकं घालून बसावंसं वाटलं.

पण परातीनेच त्यांचे दिवस पालटले.

हेडमास्तरांच्या समाधानासाठी सेक्रेटरी एका सकाळी परात ठेवली आहे का ते बघायला आले. परात अर्धी भरली होती. सेक्रेटरी तिच्याकडे बघतच राहिले. "हा सगळा आजचा?" त्यांनी विचारलं. बापूंनी खालमानेनं हो म्हटलं. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. "या थंडीत? बापूसाहेब, तुम्ही काय मेहनत करता हो."

संध्याकाळपर्यंत ती परात जिनाभर झाली. दुसऱ्या दिवशी ती काठोकाठ भरल्याची बातमी होती, जी खरी नव्हती, पण बापूंनी ती खोडली नाही. लोक जिन्यात वाट सोडून उभे राहू लागले. हेडमास्तर ओल विसरून शाळेतल्या जुन्या कुस्तीगिरांच्या गोष्टी सांगू लागले. आणि मुख्य म्हणजे बापूंची बायको. तिने घाम हा शब्द उच्चारण्याची पद्धतच बदलली. पूर्वी तो शब्द ती नाकाला पदर लावून म्हणायची, आता मान वर करून. "आमचे हे बसले की उठायचं नाव घेत नाहीत," असं ती डॉक्टरीणबाईंना सांगताना बापूंनी दाराआडून ऐकलं. "परात रोज मीच रिकामी करते. जड असते हो."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बापूंना दिसला नाही, पण त्यांचं बोलणं ऐकू आलं. "आमच्याकडे नुसती घरघर. तासभर बसतात आणि थेंब नाही. खरंच चालवतात की नुसते बसून असतात, देव जाणे."

बापू दाराआड उभ्या उभ्या सुखावले. त्यानंतर जिन्यात दंतवैद्य भेटले तेव्हा ते हसले, पण दात कमी दिसले. बापूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मन शांत असून भागत नाही डॉक्टर. घामाला आतून आच लागते." हे वाक्य त्यांनी आदल्या दिवसापासून तयार ठेवलं होतं.

एकच गोष्ट त्यांना बोचत होती. स्वभावच तसा. एवढ्या घामाचं वजन किती, हे बघितल्याशिवाय त्यांना राहवेना. त्यांनी घरातल्या वजनकाट्यावर सायकलीआधी स्वतःला तोललं, सायकलीनंतर तोललं, आणि मग परात तोलली. बापूंच्या अंगातून जेवढं गेलं होतं त्याच्या कितीतरी पट परातीत जमा झालं होतं. त्यांनी पुन्हा तोललं. पुन्हा तेच. आता अंगातून कमी जातं आणि बाहेर जास्त निघतं असं होत नाही. तेव्हा चूक काट्याची. बापूंनी काट्याला खोटा ठरवला, रीतसर दोरा बांधून त्यावर लाखेचं सील ठोकलं आणि तो पलंगाखाली सरकवला. बायको म्हणाली, "चांगला होता की काटा." बापू म्हणाले, "तुला यातलं कळत नाही." आणि ते दोन दिवस धान्याच्या गोदामांतले काटे तपासायला दौऱ्यावर गेले.

दौऱ्यावरून आले तेही अगदी ताठ मानेनं. पण मग परात रिकामी व्हायला लागली. आधी अर्ध्यावरून पाव झाली, मग तळ जेमतेम झाकला जाईना. बापूंनी गिअर वाढवला, खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला, स्वेटर घातला, वर बायकोची शाल घेतली. खरा घाम आला, पण तो स्वेटरने पिऊन टाकला. परातीत पडायला काही उरेना. ज्या माणसाने महिनाभर घाम जावा म्हणून धडपड केली, तो आता घाम यावा म्हणून रडकुंडीला आला होता. रात्री जेवताना त्यांना वाटे, आता हिला कळेल. मग ती पुन्हा नॅपकिन पुढे करील.

अशात एका दुपारी दंतवैद्य जिन्यात भेटले. नाक लाल, शर्टाची काख ओली, केस कपाळाला चिकटलेले. बापूंनी त्यांना इतकं विस्कटलेलं कधी बघितलं नव्हतं.

"तुम्ही जिंकलात बापूसाहेब," दंतवैद्य म्हणाले. "मी कूलर काढून टाकला."

"कसला कूलर?"

दंतवैद्यांनी वर खाली बघितलं आणि आवाज उतरवला. "पाण्याचा. सायकलसमोर लावत होतो. थंडीत कूलर लावतो म्हटलं तर लोक हसतील, म्हणून कोणाला बोललो नाही. भिकार निघाला. सगळं पाणी खाली गळायचं, फरशी नुसती पीत राहायची. पण घाम मात्र येत नव्हता. आता आमच्या घरात तो कोरडेपणाच नकोय. खालचे बघा कसे घाम काढतात, खालचे बघा, दिवसभर हेच. शेवटी वैतागून चार दिवसांपूर्वी बंद केला." ते शिंकले. "आज संध्याकाळी आम्ही दोघं येतो. तुमची पद्धत बघायची म्हणते ती. सायकल चालवून दाखवा जरा."

बापू घरी आले ते थेट मागच्या खोलीत. स्टुलावर चढून त्यांनी माळ्याचा पडदा सरकवला. वर छताला ओलीचा मोठा डाग होता. त्याच्या खाली गुंडाळून ठेवलेली गादी होती, त्यांच्या लग्नातली. ती पाण्याने भिजून फुगली होती, आणि तिचं एक टोक पडद्याआड, माळ्याच्या कडेवर, बरोबर सायकलच्या सीटच्या वर आलं होतं. त्या टोकाला एक शेवटचा थेंब धरून होता. बापूंनी तो बोटावर घेतला आणि जिभेला लावला. मीठ नव्हतं त्यात.

बापू स्टुलावरच बसले. म्हणजे जो घाम दंतवैद्यांना येत नव्हता तो गाळायचं कामही आपल्याच टकलाने केलं. त्यांचा कोरडेपणाही त्यांचाच आणि आपला ओलेपणाही त्यांचाच. आपल्या मालकीचं यात काहीच नव्हतं. आणि काटा खरा होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत बापूंनी प्रथमच एका प्रामाणिक काट्याला खोटा ठरवून सील ठोकलं होतं. त्यांना रडावंसं वाटलं. पण रडून परात भरली नसती.

संध्याकाळ झाली तसे ते शाल पांघरूनच बायकोसमोर जाऊन उभे राहिले. ती पाहुण्यांसाठी चहाचे कप पुसत होती.

"तुला एक सांगायचंय. तो घाम..."

"गादीचा होता," बायको म्हणाली आणि दुसरा कप उचलला.

बापूंनी वळून मागच्या खोलीकडे बघितलं.

"तुम्ही दौऱ्यावर गेलात ना, तेव्हाही परात भरत होती. सायकलवर कोणी नाही आणि खाली टपटप. म्हणून वर चढून बघितलं."

"मग बोलली का नाहीस? लग्नातली गादी वाया गेली आपली."

"भिजली तर भिजली." तिने कप जरा जोरातच ठेवला. "ती वरची मला रोज जिन्यात थांबवायची. आमचे हे असे, आमचे हे तसे. कोरडे काय, दात काय, केस काय. मी हातात पिशव्या घेऊन ऐकत उभी. मला नव्हता त्रास होत? तुम्ही एकटेच जळत होता की काय या घरात? माझ्याकडे सांगायला काय होतं सांगा. गादी गळत होती, तेवढं होतं. तेच सांगत राहिले."

बापू तिच्याकडे बघत राहिले. इतके दिवस या घरात मत्सर करणारे आपण एकटेच आहोत असं समजून ते झुरत होते, आणि ती बिचारी त्यांच्या बरोबरीने, तितक्याच नेटाने करत होती. त्यांना तिच्याबद्दल फार माया वाटली.

तेवढ्यात बेल वाजली.

"आता गं?" बापू म्हणाले. "परात कोरडी आहे."

बायकोने पाण्याचा तांब्या उचलला, मागच्या खोलीत गेली, शांतपणे परातीत पाणी ओतलं, हाताने अंदाज घेतला आणि आणखी थोडं ओतलं. मग तिने बापूंच्या अंगावरची शाल काढून घेतली. "बसा. नाकाने श्वास घेऊ नका, चांगले धापा टाका." आणि ती दार उघडायला गेली.

दंतवैद्य आणि डॉक्टरीणबाई खोलीच्या दारात उभे राहिले तेव्हा बापू जीव तोडून पायडल मारत होते. डॉक्टरीणबाईंनी वाकून परात बघितली. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, अगदी तसंच, जसं त्या दिवशी चहाच्या वेळी बापूंकडे त्यांच्या बायकोने बघितलं होतं. दंतवैद्य आधी परातीकडे बघत राहिले, मग बापूंकडे, आणि त्यांचा एकही दात दिसला नाही. बापूंना आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण आता कुणीतरी परातीत बोट घालून जिभेला लावील, या धास्तीने त्यांना दरदरून घाम फुटला होता. कपाळावरून, कानामागून, हनुवटीवरून तो ओघळत होता, अगदी स्वतःचा, आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे खाली बघत होते.

फक्त बायकोने बघितलं. ती पुढे आली, तिने नॅपकिन पुढे केला आणि हळूच म्हणाली, "घ्या. हा पुसा, हा खरा आहे."